बोटाच्या शेंड्याला पायाची गादी: ही शस्त्रक्रिया पत्करावी का?

बोटाचा शेंडा चिरडून गादी, म्हणजे नखामागचा मऊ मांसल भाग, गेली, तर ती भरून काढायला पायाच्या बोटाइतकी जुळणारी दुसरी जागा शरीरात नाही. तीच रेघांची, बिनकेसांची जाड त्वचा. आत तेच चिवट पडदे, त्यामुळे चिमटीत दाब दिला तरी मांस सरकत नाही. मांडीची पातळ कातडी लावून जखम झाकते, पण शर्टाचं बटण काजात घालताना बोटांना ते नीट जाणवत नाही.

हॅरी बंकी आणि रोझ या सर्जननी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच नाजूक आहे. पायाच्या अंगठ्याची, दुसऱ्या बोटाकडची बाजू धमनी, शीर आणि मज्जातंतूसकट उचलतात. रक्तवाहिन्या जेमतेम एक मिलिमीटरच्या. मायक्रोस्कोपखाली १०-० च्या, केसाहून बारीक धाग्याने जोडाव्या लागतात. मज्जातंतू जोडला नाही तर एवढा खटाटोप जवळपास वाया, कारण खरी कमाई स्पर्शाचीच. मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून जाणीव परतायला कित्येक महिने लागतात. थंडी मात्र त्या बोटाला पुढेही बोचू शकते.

खरा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत. लावलेली गादी दाबून सोडल्यावर रंग दोनेक सेकंदांत परतायला हवा. बोट पांढरं, गार पडलं तर धमनी बंद. जांभळं, फुगलेलं दिसलं आणि रंग झटकन परतला तर शीर तुंबलेली. आवळलेली पट्टी, पिळलेली शीर, साचलेलं रक्त ही नेहमीची कारणं. पट्टी सैल करूनही सुधारलं नाही, तर तासाभराचीही वाट न पाहता परत ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं. तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद हवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आखडतात.

पायाची किंमतही मोजायला हवी. त्वचेची अरुंद पट्टी घेतली तर जखम सरळ शिवता येते. रुंद घेऊन ओढून शिवली की टाके उसवतात, तिथे कातडीच लावलेली बरी. व्रण बुटात दुखू शकतो.

हाड उघडं नसलेली, एक चौरस सेंटिमीटरहून लहान जखम नुसत्या ड्रेसिंगने छान भरते; तिथे ही शस्त्रक्रिया नकोच. पण हाताच्या अंगठ्याची किंवा तर्जनीची अख्खी गादी गेली असेल, तर आमची पसंती हिलाच. होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारा: मज्जातंतू जोडणार का, आणि रात्री दर तासाला बोट कोण तपासणार?