कोर्टातला मोफत कायदा सल्ला: जा नक्की, पण पासबुक घेऊन जा

आमच्या तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची एक खोली आहे, तिथला अनुभव लिहितेय कारण आपल्या खान्देशात कितीतरी बायांना अजून माहीतच नाही की बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट पण नाही. १९८७ चा कायदाच आहे तसा.

धाकट्या बहिणीसाठी गेले होते. तिच्या सासरच्यांनी एकच घोषा लावलेला, लग्नाची नोंदणीच नाही म्हणजे लग्नच नाही, मग कसला घटस्फोट अन् कसले पैसे. गावातल्या लोकांना पण ते खरं वाटायला लागलेलं. वकील मॅडमनी आधी लग्न कसं लागलं तेच नीट विचारून घेतलं, सप्तपदी झाली का, भटजी कोण होते, पत्रिका आहे का, फोटो कुणाकडे आहेत. मग स्पष्ट सांगितलं की रीतीप्रमाणे विधी झालेत ना, मग हिंदू विवाह कायद्याने लग्न झालेलं आहे, नोंदणी हा त्याचा पुरावा, ती नाही म्हणून लग्न बाद होत नाही. उलट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की विधीच झाले नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू लग्न होत नाही. शेजारी एक म्हातारी आजी पोरीसाठी याच काळजीत बसलेली, तिला मॅडम अहिराणीत म्हणाल्या, "घाबरू नको माय, कागद नही म्हनीसन लगीन खोटं व्हत नही." तिथेच त्या मला आवडल्या.

पैशाचं मात्र त्यांनी गोड गोड नाही सांगितलं, आणि मला वाटतं हेच या सेवेचं सगळ्यात चांगलं. आम्हाला वाटत होतं जॉइंट खातं आहे म्हणजे निम्मे आपले. तर आपल्याकडे नवरा-बायकोच्या कमाईची आपोआप अर्धी वाटणी करणारा कायदाच नाही. खात्यावर दोघांची नावं आहेत, दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतं, पण भांडण झालं की पैसा कुणाच्या कमाईतून आला ते दाखवावं लागतं. बहीण ब्लाऊज शिवते, गिऱ्हाइकांचे फोनवरून आलेले पैसे थेट त्याच खात्यात जमा होतात, मॅडमनी पासबुक घेऊन पेन्सिलने त्या एकेका नोंदीला खूण केली, दोनशे, साडेतीनशे, ऐन लग्नसराईत हजार. एवढी वर्षं "घरखर्चाला मदत" म्हणून उडवून लावलेलं काम त्या पानावर दिसत होतं! मग लगेच बँकेला द्यायचा अर्ज लिहून दिला की दोघांच्या सहीशिवाय पैसे काढू देऊ नका.

माहेरचं सोनं, तिला मिळालेल्या भेटी हे स्त्रीधन, ते तिचं एकटीचं, वाटणीत येतच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली कोर्ट ज्याबद्दल आदेश देतं त्या लग्नात किंवा त्या सुमारास मिळालेल्या अन् दोघांच्या मालकीच्या वस्तू. पोटगी पुन्हा वेगळी, त्यात दोघांनाही आपापली मालमत्ता अन् कर्ज शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं. संमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, आणि तडजोडीत खाते नंबर, आरडी, कोण काय घेणार हे सगळं लेखी हवं, तोंडी काही ठेवू नका असं त्यांनी बजावलं.

आता तक्रार. खोलीत आडोसा नाही. आमच्या आधी सातपुड्याकडची एक पावरा आदिवासी मुलगी होती, तिचं सगळं आम्हाला ऐकू आलं, नको असताना. अनुसूचित जमातींना हा हिंदू विवाह कायदा एरवी लागू होत नाही, तिथे समाजाची रीत काय अन् ती पाळली का ते दाखवावं लागतं, हे तिला मॅडमनी शांतपणे समजावलं, पण तिचा आवाज दाराशी बसलेल्या पुरुषांकडे बघून बारीक होत होता. एक पार्टिशन तरी टाका हो. मी तसा लेखी अर्ज दिलाय.

पाचपैकी चार स्टार. जाताना पत्रिका, लग्नाचे फोटो, आधार आणि पासबुक छापून न्या. जाणं जमत नसेल तर १५१०० ला फोन करा, तो विधी सेवेचाच नंबर आहे.