ठासणीच्या बंदुकीची दुरुस्ती: बेळगावातील एका जुन्या दुकानाचा अनुभव

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची थोडी भातजमीन आणि रताळी लावण्यापुरता माळ आहे. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आलेली एकनळी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक मी गेल्या वर्षी बेळगावात दुरुस्तीला दिली होती, त्या दुकानाविषयी हे लिहीत आहे. शस्त्रांचा व्यवहार असल्यामुळे नाव आणि पत्ता जाहीर लिहू नये, अशी मालकांची विनंती आहे. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांना जुन्या बाजारपेठेत विचारल्यावर ते दुकान सापडतेच.

बंदूक बिघडण्यास मीच कारणीभूत होतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चला लागू झाली आणि नेहमीप्रमाणे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला. (असा आदेश आला की 1857 च्या निःशस्त्रीकरण कायद्याविरुद्ध उठलेले मुधोळकडच्या हलगली गावचे बेडर लोक मला हटकून आठवतात, मी मात्र निमूटपणे रांगेत उभा राहतो.) आदल्याच आठवड्यात रानडुकरे पिटाळण्यासाठी दोन बार काढले होते आणि नळी पाण्याने न धुता नुसते खोबरेल तेल फिरवून बंदूक जमा केली होती. बंदुकीची काळी दारू जळते तेव्हा तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राहतो. काही धुरातून बाहेर पडतो आणि उरलेला काजळीच्या रूपाने नळीला चिकटतो. त्या काजळीत क्षार असतात, ते हवेतील ओल ओढून घेतात आणि लोखंड खाऊ लागतात. तेलाने ते निघत नाहीत, तर तेलाखाली सुरक्षित बसून आपले काम करतात. जूनमध्ये बंदूक परत मिळाली, तेव्हा जांबोटीचा पाऊस सुरू झाला होता आणि नळीच्या तोंडाशी बोट फिरवले तर तांबडी पूड हाताला लागत होती.

दुकानात पाऊल टाकल्यावर मिस्त्रींनी प्रथम परवाना मागितला, त्यावरील क्रमांक नळीवरील क्रमांकाशी जुळवून पाहिला आणि वहीत नोंद केली. त्यानंतर त्यांनी जे केले, त्यावरूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. बंदुकीचे तोंड भिंतीकडे ठेवून त्यांनी दारू ठासण्याचा गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत आमचा गज तोंडाबरोबर बसतो. तो दोन बोटे वर राहिला. बंदूक रिकामी असल्याची ग्वाही मी दोनदा दिली होती. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी आधी नळीत पाणी ओतले, काही वेळ तसेच राहू दिले आणि गजाला पेचदार टोक लावून आतून कुजलेला काथ्याचा बोळा ओढून काढला. सुदैवाने त्याच्या मागे दारू नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, बार उडवलासा आणि नळी न धुताच ठेवलासा की! नळी धुतल्याबिगर जेवायचं न्हाई, असं आमचे वडील सांगायचे." चाळीस वर्षे शाळेत मुलांना स्वच्छतेचे धडे दिलेल्या माणसाला यावर उत्तर नव्हते. त्याच दिवशी त्यांनी गजावर कानशीने एक बारीक खूण करून दिली. नळी रिकामी असेल तर खूण आत जाते आणि भरलेली असेल तर ती बाहेर दिसते. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

मुख्य काम तीन ठिकाणी होते. नळीतील गंज काढणे आणि कुंद्याची (लाकडी दस्त्याची) भेग सांधणे ही मेहनतीची पण सरळ कामे. खरे कसब घोडा आणि निपल यांत लागले. ज्या पोकळ पेचदार नळकांडीवर तांब्याची टोपी बसते, तिला हे लोक निपल म्हणतात. माझ्या बंदुकीची निपल झिजल्यामुळे घोडा पडला, टोपी फुटली, तरी बार क्षणभर रेंगाळून उडत असे. तो क्षण धोक्याचा असतो, कारण फुसका बार समजून माणूस तेवढ्यात नळी हलवतो. बाजारात मिळणारी तयार निपल आमच्या जुन्या आट्यांत बसेना, तेव्हा मिस्त्रींनी ती लेथवर नव्याने घडवली. दुसऱ्या फेरीत मी गेलो, तेव्हा ते निपल बसवत, काढत, डोळ्याजवळ धरून आटे पाहत आणि पुन्हा पोलादी कानशीचा एक हलका हात मारत बसले होते. असे अर्धा तास तरी चालले असावे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या धर्मोपदेशकाला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीच्या बंदुकीत रंजक (बार पेटवणारी चिमूटभर दारू) पेटल्याचा भपकारा पाहून पक्षी गोळी पोहोचण्याआधीच उडत, म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती काढली आणि 1807 मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली. बार रेंगाळू नये यासाठी एवढा खटाटोप झालेला असताना झिजलेली निपल वापरत राहणे हा शुद्ध आळस होता, हे मला मान्य करावे लागते.

काडतुसाची बंदूक घेण्याचा आग्रह दुकानदाराने केला नाही, ही बाब मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण त्यात त्यांचाच फायदा होता. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. मी तसा अर्ज करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मालक एवढेच म्हणाले की डुकरांना बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीची गरज नाही, आवाजाची आहे.

आवाजाइतकीच मला त्या बंदुकीची संथ रीत आवडते. दारू मोजून नळीत ओतायची, वर बोळा, मग गजाने सारख्या जोराने ठासायचे. ठासणे या क्रियापदाचा खरा अर्थ इथे मनगटाला कळतो, कारण हात कमी पडला तर बार फुसका जातो. शेवटी टोपी बसवायची आणि तीही नळी मोकळ्या दिशेला वळवूनच. या सगळ्याला मिनिटभर तरी लागतो आणि तेवढ्यात रागाने बंदूक उचललेला माणूस थोडा शांत होतो. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1884 मध्ये बिनधुराची दारू शोधल्यावर नेमबाजाला समोरचे सगळे दिसू लागले. आमच्या बंदुकीत मात्र बार काढणाऱ्याला धूर विरेपर्यंत थांबावेच लागते. गुळगुळीत नळीतील छरे चाळीस-पन्नास पावलांपलीकडे भरवशाचे राहत नाहीत, त्यामुळे पूर्वीच्या शिकाऱ्याला जनावराच्या जवळ जाण्याची कला शिकावी लागे आणि हाती एकच बार असे. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम राखलेला आहे आणि तिकडील हौशी लोक त्या अवघडपणासाठीच त्या हंगामाची वाट पाहतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद केली आणि आजोबांच्या भेकराच्या गोष्टी ऐकत वाढलो असलो तरी मला त्याची हळहळ वाटत नाही. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावरासाठीही अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. माझी बंदूक रिकामा बार काढते आणि माझी हौस तेवढ्यावर भागते. नेम धरण्याची फारच इच्छा झाली, तर कोडगूत (कूर्गमध्ये) कैलपोळ्द सणाला नारळावर नेम धरणारे कोडव लोक पाहून यावेत.

आता तक्रारी. पंधरा दिवसांचा वायदा होता, प्रत्यक्षात पाच आठवडे लागले आणि प्रत्येक वेळी फोन मलाच करावा लागला. कुंद्याची भेग उत्तम सांधली आहे, परंतु न विचारता त्यावर चकचकीत पॉलिश फासल्यामुळे आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेला शिसवी लाकडाचा रंग झाकला गेला. हे मी बोललो, तेव्हा मिस्त्रींना त्यात तक्रारीसारखे काही वाटले नाही; गिऱ्हाईकाला नवे दिसलेले आवडते, हा त्यांचा अनुभव. एकूण 4,200 रुपये झाले, त्यातील निपल आणि घोड्याची कमान यांचे पैसे मला रास्त वाटतात, पॉलिशचे सहाशे वाटत नाहीत. दारू आणि टोप्या परवान्यावरील नोंदीपुरत्याच मिळतात आणि ते नियमाबाहेर एक टोपीही देत नाहीत. (दारू आणायला बेळगावला चाललो आहे, असे खानापूरच्या बसमध्ये मोठ्याने सांगू नये, हा सल्ला माझ्या पदरचा.)

ऑक्टोबरमध्ये रताळ्यांच्या वाफ्यात डुकरे शिरली, तेव्हा बंदूक पहिल्यांदा वापरली. चाप ओढताच बार उडाला, मध्ये किंचितही खंड पडला नाही. काडतुसासारखा कडकडाट न होता जड, घुमणारा आवाज पलीकडच्या डोंगरावर जाऊन परत आला. दवाने भिजलेल्या हवेत पांढरा धूर भाताच्या लोंब्यांवर बराच वेळ पसरून राहिला आणि गंधकाचा वास अंगातल्या सदऱ्याला धरला. घरी आलो, तेव्हा बायकोने ताट वाढले होते. मी आधी चुलीवर पाणी ठेवले.