एअरबस की बोइंग: निर्णय थ्रस्ट लिव्हरने केला

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, हातात पडली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानाचे प्रशिक्षण आणि परवानगी) एअरबस ए३२० चे करायचे की बोइंग ७३७ चे? दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी मला तो विचारते. मी आधी ७३७ उडवले, मग ए३२० आणि आता ७७७. शेवटचा बदल झाला तेव्हा मोठ्या विमानांत दोन्ही घराण्यांचे पर्याय समोर होते आणि मी विचार करून बोइंग घेतले. त्यामागचे कारण इथे सांगतो. नोकरीचे गणित मात्र वेगळे आहे. इंडिगोचा बहुतेक ताफा ए३२० कुटुंबातला आहे आणि अकासाकडे फक्त ७३७ मॅक्स. जिथे जागा निघाली तिथले रेटिंग घ्यावे लागते, आणि त्यात चूक काहीच नाही. दोन्ही दारे उघडी असतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

वाद बहुतेक वेळा एअरबसची साइडस्टिक (बाजूची छोटी दांडी) आणि बोइंगचे योक (समोरच्या दांड्यावरचे, म्हणजे कॉलमवरचे, चाक) यांवरच होतात. मला तिथे फारशी अडचण आली नाही. डाव्या सीटवर डाव्या हाताने स्टिक धरायची सवय आठवडाभरात झाली. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या नियंत्रणात, नाक हवे तिथे आणले आणि स्टिक सोडली की विमान तिथेच राहते. ट्रिमकडे (नाक हवे तिथे टिकवून हातावरचा जोर कमी करणाऱ्या यंत्रणेकडे) बघावे लागत नाही, बाजूला ३३ अंशांपर्यंत दिलेला कलही तसाच टिकतो. ७३७ वर वेग बदलला, फ्लॅप बदलले की अंगठा ट्रिमच्या स्विचवर जातो आणि गुडघ्याशेजारची काळी चाके खडखडत फिरतात. शिवाय ए३२० मध्ये समोरचे टेबल बाहेर ओढून डबा नीट उघडता येतो. रात्रीच्या चार सेक्टरनंतर (फेऱ्यांनंतर) ही सोय मला फार मोठी वाटायची. योकच्या मागे मांडीवर पोळी-भाजी सांभाळलेल्याला ते वेगळे सांगायला नको.

दोन्ही स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात हा आक्षेप मात्र खरा आहे. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचे फ्लाइट ४४७, एक एअरबस, अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ माणसे गेली. उजव्या सीटवरचा वैमानिक बराच वेळ स्टिक मागे ओढून होता आणि शेजारच्याला ते हाताने जाणवायला काही मार्गच नव्हता. बोइंगचे कॉलम जोडलेले असतात, एक मागे आला की दुसराही येतो. माझ्याबरोबर उडणाऱ्यांनी ‘आय हॅव कंट्रोल’ची (विमान आता कोणाच्या हातात आहे ते बोलून सांगण्याची) शिस्त काटेकोर पाळली, म्हणून असेल कदाचित, मला हा मुद्दा रोज बोचला नाही.

रोज बोचले ते न हलणारे थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनांची ताकद ठरवणारे दांडे.

ए३२० मध्ये उड्डाणानंतर थोड्याच वेळात लिव्हर क्लाइंबच्या खाचेत आणायचे. तिथून पुढे ते जवळजवळ जमिनीपर्यंत तिथेच असतात. २० फुटांवर ‘रिटार्ड’ ऐकू आले की मागे घ्यायचे. मधल्या काळात ऑटोथ्रस्ट ही स्वयंचलित यंत्रणा इंजिनांची ताकद कमी-जास्त करत राहते, लिव्हर तिला फक्त वरची मर्यादा घालून देतात. लिव्हर हलवायला मोटारी नाहीत, त्यामुळे वजन कमी आणि बिघडायला भागही कमी. कागदावर हे मला आजही पटते.

पण जुलैतली मुंबई आठवा. ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपरवरून धावपट्टी २७ वर उतरायचे आहे, पाऊस आडवा, वारा झोताझोताने येतो आहे. समोरून झोत आला की ए३२० आपला लक्ष्य-वेग स्वतःच वाढवते, झोत ओसरला की पुन्हा खाली आणते. ही युक्ती उत्तम आहे, पण त्यासाठी इंजिने सतत वर-खाली होत असतात, आणि माझा उजवा हात जिथे आहे तिथे काहीच घडत नाही. कानाला थोडेफार कळते. बाकी सगळे डोळ्यांनी एन१ च्या (इंजिनाची ताकद दाखवणाऱ्या) तबकडीवरून आणि वेगाच्या पट्टीवरच्या बाणावरून वाचायचे, आणि तेही नेमके डोळे बाहेर हवे असतात तेव्हा.

७३७ वर ऑटोथ्रॉटल, म्हणजे बोइंगचा ऑटोथ्रस्ट, लिव्हर प्रत्यक्ष हलवतो. तळहात त्यांच्यावर असला की विमान काय करते आहे ते न बघता कळते. हाताने उडवायला घेतले की बहुतेक वेळा ऑटोथ्रॉटलही बंद करायचा असतो, पण तोवर हात शिकलेला असतो: साठ टन, फ्लॅप ३०, तर लिव्हर साधारण इथे. ही शिकवणी मला कोणी मुद्दाम दिली नाही. शेकडो अप्रोचमध्ये (उतरण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यांत) ती आपोआप झाली, आणि ती हातात आहे हे मला ए३२० वर गेल्यावरच समजले.

तिथल्या सिम्युलेटरमध्ये एकदा हाताने अप्रोच करताना मी ऑटोथ्रस्ट तोडायचे बटण दाबले. आधी लिव्हर मागे आणून एन१ वरचे छोटे वर्तुळ चालू ताकदीशी जुळवायचे असते. ते मी विसरलो. लिव्हर क्लाइंबच्या खाचेत, म्हणून इंजिने सरळ क्लाइंबच्या ताकदीकडे निघाली आणि वेग डोळ्यांदेखत चढू लागला. चूक पूर्णपणे माझी, पद्धत पुस्तकात स्पष्ट दिलेली आहे. पुन्हा कधी झाली नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून गेली नाही: लिव्हर एक सांगत होते आणि इंजिने दुसरेच करत होती, आणि हे माझ्या हाताला कळायची काही सोयच नव्हती.

हलणारे लिव्हर म्हणजे सगळे सुरक्षित, असे मात्र कोणी समजू नये. फेब्रुवारी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमजवळ टर्किश एअरलाइन्सच्या ७३७-८०० चा रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारे यंत्र) चुकला. विमान उतरतेच आहे असे समजून ऑटोथ्रॉटलने लिव्हर आयडलवर, म्हणजे सर्वात कमी ताकदीवर, आणले, आणि वेग घसरतो आहे हे वेळेत लक्षात आले नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या एमिरेट्सच्या ७७७ ने चाके टेकल्यावर गो-अराउंड घेतला, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जायला निघाले. त्या क्षणी टोगा (गो-अराउंडची ताकद मागणारा) स्विच काम करत नाही, लिव्हर हाताने पुढे ढकलावे लागतात. ते राहून गेले आणि विमान धावपट्टीवर आदळले. विमानातले ३०० जण वाचले, विझवायला आलेला एक अग्निशमन जवान गेला. इथे एअरबसची पद्धत मला सरस वाटते. गो-अराउंड म्हणजे लिव्हर टोकापर्यंत ढकलायचे. हातानेच करायची गोष्ट असल्याने ती मधल्या मध्ये हरवत नाही.

तरीही मी ७७७ निवडले. तेही ए३२० सारखे फ्लाय-बाय-वायरच (वैमानिकाच्या हालचाली संगणकामार्फत पोहोचवणारे) आहे, पण कॉलम हातात जड-हलका होतो, ऑटोपायलट उडवत असला तरी हलतो, आणि लिव्हर चालतात. ३५ अंशांपलीकडे कल गेला की चाक परत ढकलते, पण जोर लावला तर तुमचे ऐकते. टेबलावरचा डबा मात्र गेला. माझ्याएवढा स्पर्शावर अवलंबून नसलेला आणि डोळ्यांनी भराभर वाचणारा वैमानिक ए३२० वर अधिक निवांत असेल, असे चांगले उडवणारे मित्र मला सांगतात, आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

पैसे भरण्याआधी दोन्ही सिम्युलेटरमध्ये एकेक तास मिळत असेल तर इन्स्ट्रक्टरकडे झोताच्या वाऱ्यातला एक अप्रोच मागा. ऑटोथ्रस्ट किंवा ऑटोथ्रॉटल चालू, एक हात लिव्हरवर, नजर बाहेर. पाचशे फुटांवर इन्स्ट्रक्टरला विचारायला सांगा, ‘आत्ता ताकद वाढते आहे की कमी होते आहे?’ उत्तर देताना तुमची नजर कुठे जाते ते पाहा.