दहा, चाळीस की ऐंशी? स्टुडिओसाठी लॅपटॉप घेताना पोर्टचा हिशेब

ऑक्टोबरात ताडोबा उघडतं आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. त्यामुळे नागपुरातले वाइल्डलाइफ फोटोग्राफर काय किंवा लग्नाचं शूट करणारे स्टुडिओवाले काय, नवं मशीन घ्यायचं तर पावसाळा सरता सरता घेतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स यांवर भरपूर खल होतो. पोर्टचा, म्हणजे केबल लावायच्या तोंडाचा, विषय निघाला तर बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं : “टाइप-सी आहे ना भाऊ, सगळं चालते.”

चालतं हे खरं, पण कुठल्या गतीने ते त्या तोंडावरून कळत नाही. टाइप-सी हा नुसता आकार आहे. आयफोन १५ आणि १५ प्रो, दोघांचं तोंड तंतोतंत सारखं. पण साध्या १५ मधून डेटा सेकंदाला ४८० मेगाबिटने निघतो, म्हणजे २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या गतीने, आणि प्रोमधून १० गिगाबिटने. लॅपटॉपचंही असंच आहे. आज बाजारात पर्याय मुख्यतः तीन : १० गिगाबिटचं साधं यूएसबी, ४० गिगाबिटचं यूएसबी ४ किंवा थंडरबोल्ट ४ (त्याच तोंडाचं जास्त वेगवान पोर्ट), आणि ८० गिगाबिटचं थंडरबोल्ट ५.

माझं मत आधीच सांगतो. बजेट बसत असेल तर लॅपटॉप ४० च्या पोर्टचा घ्या, बाहेरच्या ड्राइव्ह मात्र सध्या १० च्याच घ्या. लॅपटॉपचं पोर्ट नंतर बदलता येत नाही. ड्राइव्ह पुढच्या वर्षीही बदलता येते आणि तोवर ती स्वस्त झालेली असते.

आता हिशेब. पोर्टचा आकडा गिगाबिटमध्ये असतो आणि फाइल आपण मेगाबाइटमध्ये मोजतो, म्हणून आठने भागायचं. १० गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १,२५० एमबी. प्रत्यक्षात चांगली एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) १,००० च्या आसपास देते. ४० च्या पोर्टवर चांगली एनव्हीएमई (जास्त वेगवान जातीची) एसएसडी ३,००० ओलांडते. फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्डडिस्क १२०-१३० च्या पुढे सरकत नाही, मग ती कुठल्याही पोर्टला लावा.

लग्नाचं एक काम धरू. दोन कॅमेरे, फोर-के, १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग. प्रत्येक कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी पडतात. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन मिळून ५०० जीबी सहज होतात. तेवढा डेटा हार्डडिस्कवर उतरवायला साधारण सत्तर मिनिटं लागतात, १० च्या पोर्टवरच्या एसएसडीवर साडेआठ मिनिटं, ४० च्या पोर्टवर तीन मिनिटांच्या आत. सत्तरवरून साडेआठवर आलात की रात्री दीडला कार्यालयातून परतल्यावर बॅकअप घेऊनच झोपता येतं, सकाळवर ढकलावा लागत नाही. साडेआठवरून तीनवर येण्यात पाच-सहा मिनिटं वाचतात, आणि त्या पाच-सहा मिनिटांसाठी एन्क्लोजर (एसएसडी बसवायची डबी), केबल, एसएसडी असे तिन्ही ठिकाणी बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. ज्या स्टुडिओत अजून हार्डडिस्कवर काम चालतं, त्यांनी आधी एसएसडी घ्यावी. ४० चा विचार त्यानंतर.

शिवाय हा वेग मिळतो तो लॅपटॉपमधून ड्राइव्हकडे जाताना. त्याआधी डेटा कॅमेऱ्याच्या कार्डातून यायचा असतो. यूएचएस-वन जातीच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, यूएचएस-टूची ३१२. म्हणजे यूएचएस-वनचं १२८ जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागणारच, रीडर थंडरबोल्टला लावला तरी. इथे पैसे घालायचे तर यूएचएस-टूची कार्डं आणि त्याच जातीचा रीडर घेण्यात घालावेत. वाघाच्या मागे सेकंदाला वीस-तीस फ्रेम मारणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. त्यांच्या कॅमेऱ्यात बहुधा सीएफएक्सप्रेस टाइप-बी कार्ड असतं, ते १,५०० एमबीच्या वर वाचता येतं आणि १० चं पोर्ट त्याला खरोखर अडवतं. ५१२ जीबीचं असं कार्ड १० वर नऊ मिनिटांत उतरतं, ४० चा रीडर असेल तर सहाच्या आत. सकाळची सफारी संपवून दुपारच्या फेरीआधी दोन कार्डं मोकळी करायची असतील तर हा फरक जाणवतो.

एडिटिंग थेट बाहेरच्या ड्राइव्हवरून करायचं म्हणून ४० हवं, असंही पुष्कळदा ऐकू येतं. ४०० मेगाबिटचं जड फुटेज धरलं तरी ते सेकंदाला ५० एमबी होतं. तीन कॅमेरे एकदम टाइमलाइनवर चालवा, १५० एमबी. १० च्या पोर्टला याने काहीच फरक पडत नाही. टाइमलाइन अडखळत असेल तर दोष बहुधा प्रोसेसरचा किंवा प्रॉक्सी (एडिटिंगपुरती फुटेजची हलकी प्रत) न बनवण्याचा असतो. एट-के रॉ शूट करणाऱ्यांची गोष्ट निराळी.

स्वस्त एसएसडी घेताना एक गोष्ट नक्की तपासा. डब्यावर १,०५० एमबी लिहिलेलं असतं, पण क्यूएलसी या स्वस्त प्रकारच्या चिप असतील तर हा वेग कॅश, म्हणजे ड्राइव्हमधला तात्पुरता वेगवान भाग, भरेपर्यंतच टिकतो. सलग दोन-तीनशे जीबी टाकायला घेतले की कॅश संपते आणि गती इतकी घसरते की हार्डडिस्क बरी वाटावी. स्टुडिओसाठी टीएलसी या वेग जास्त टिकवणाऱ्या चिपची ड्राइव्ह शोधा. १० ची उत्तम ड्राइव्ह ४० च्या सुमार ड्राइव्हपेक्षा रोजच्या कामात कितीतरी उपयोगी.

मग लॅपटॉपला ४० चं पोर्ट कशासाठी? त्याचं उत्तर टेबलावर आहे. बाहेर फिरणारा लॅपटॉप घरी येऊन एका केबलने मोठ्या मॉनिटरला, ड्राइव्हला, नेटवर्कला आणि चार्जिंगला जोडला जावा, ही सोय तिथेच मिळते. वर्धा रोडवर जसं त्याच खांबांवर वरून मेट्रो, मधून उड्डाणपूल आणि खालून जुना रस्ता चालतो, तसं ४० च्या केबलमधून पीसीआय-एक्सप्रेस (वेगवान ड्राइव्हचा डेटा), डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरचं चित्र) आणि यूएसबी हे तिन्ही प्रवाह एकमेकांत न अडकता जातात. फोर-के ६० हर्ट्झच्या एका मॉनिटरला साधारण साडेबारा गिगाबिट लागतात. दोन लावले तरी ड्राइव्हसाठी १५ उरतात.

१० च्या पोर्टवर हे सहसा जमत नाही. टाइप-सीच्या चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा, आहेत. चारही चित्राला दिल्या तर डेटा यूएसबी २.० वर येतो, दोन-दोन वाटल्या तर बऱ्याच हबवर चित्राला कमी पडतात. स्वस्त हबला फोर-के मॉनिटर लावल्यावर माउसचा बाण हलवून बघा, तो तुटक तुटक पळतो. हब दोन लेनवर ३० हर्ट्झच देतोय, म्हणून. दिवसभर कलर ग्रेडिंग करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना हे परवडत नाही, आणि मॉनिटर खराब आहे असं समजून तो परत करणारेही आहेत.

यूएसबी ४ आणि थंडरबोल्ट ४ यांत वेगाचा फरक असेलच असं नाही, खात्रीचा आहे. थंडरबोल्ट ४ लिहिलं असेल तर ४० गिगाबिट, दोन फोर-के मॉनिटर आणि पीसीआय-एक्सप्रेससाठी ३२ गिगाबिट हे बंधनकारक असतं. यूएसबी ४ मध्ये यातलं बरंच ऐच्छिक आहे. पोर्ट २० चंही असू शकतं. म्हणून ‘यूएसबी ४’ एवढं वाचून थांबू नका, पुढे ४० चा आकडा आहे का ते बघा. एएमडीचे अनेक चांगले लॅपटॉप यूएसबी ४ वर आहेत आणि ४० लिहिलेलं असेल तर ते घ्यायला माझी काहीच हरकत नाही.

‘२० गिगाबिट’ लिहिलेल्या पोर्टेबल एसएसडींपासून जरा सांभाळून. हा यूएसबी ३.२ जेन २x२ नावाचा प्रकार फार थोड्या लॅपटॉपमध्ये आहे. मॅकमध्ये नाही, थंडरबोल्ट ४ च्या बहुतेक पोर्टमध्येही नाही. अशा मशीनला ती ड्राइव्ह लावली की ती निमूटपणे १० वर उतरते. जास्तीचे पैसे वाया.

नव्या पोर्टवर विश्वास ठेवावा का, ही जुन्या स्टुडिओवाल्यांची शंका रास्त आहे, कारण त्यांनी सोसलंय. मिनी-डीव्ही टेपच्या काळात फुटेज संगणकात घ्यायला फायरवायर नावाचं पोर्ट लागायचं. कागदावर ४०० मेगाबिटचं असूनही ते सलग कामात ४८० च्या यूएसबी २.० पेक्षा सरस होतं, तरी मागे पडलं, कारण यूएसबी प्रत्येक मशीनमध्ये फुकट येत होतं. २०११ मध्ये थंडरबोल्ट आलं ते १० गिगाबिट घेऊन, तेव्हा यूएसबी ३.० पाचवर होतं. पण तोंड मिनी डिस्प्लेपोर्टचं आणि मशीन मुख्यतः अॅपलची. त्या काळात घेतलेल्या थंडरबोल्टच्या महागड्या ड्राइव्हना आज अडॅप्टर शोधावा लागतो. २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ ने टाइप-सीचं तोंड घेतलं आणि २०१९ मध्ये त्याच तंत्रावर यूएसबी ४ उभं राहिलं. त्यामुळे आज ४० च्या पोर्टला दहा वर्षांपूर्वीची यूएसबी ड्राइव्ह लागते आणि उद्या आणलेली थंडरबोल्ट ड्राइव्हही बहुधा लागते. चुकीच्या पंगतीत बसण्याची जुनी धास्ती आता उरलेली नाही.

थंडरबोल्ट ५ ची घोषणा सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. ८० गिगाबिट दोन्ही बाजूंनी, मॉनिटर जड असतील तर एका बाजूने १२० पर्यंत. तंत्र उत्तम आहे. पण मशीन महाग, डॉक (एका केबलवर सगळं जोडून देणारा डबा) महाग, आणि कार्डपासून ड्राइव्हपर्यंत त्या वेगाला पुरं पडेल असं लग्नाच्या किंवा जंगलाच्या कामात सध्या फारसं काही नाही. दुसऱ्या कारणासाठी घेतलेल्या मॅकबुक प्रोमध्ये ते आपसूक मिळत असेल तर आनंदच आहे. मुद्दाम त्यासाठी खर्च करू नका.

केबलकडे मात्र लक्ष द्या. लॅपटॉपच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २.० चीच असते. तीच ड्राइव्हला लावली तर वरचे ५०० जीबी उतरायला साडेतीन तास लागतील आणि दोष ड्राइव्हला दिला जाईल. ४० ची साधी केबल ८० सेंटिमीटरपर्यंतच नीट चालते; दोन मीटर हवी असेल तर थंडरबोल्ट ४ ची घ्यावी. ड्राइव्हच्या केबलवर रंगीत टेप लावून ठेवली तर ती चार्जरच्या केबलमध्ये मिसळत नाही.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काही पोर्टेबल एसएसडींच्या माहितीपत्रकात चालण्याचं कमाल तापमान ४५ च दिलेलं असतं. सफारीच्या उघड्या जिप्सीत ती बॅगेतून काढूच नये. ४० ची एन्क्लोजर तर जास्त तापतात, आणि तापली की चिप स्वतःला वाचवायला गती खाली आणते. फिन असलेलं अॅल्युमिनियमचं, शक्यतो छोट्या पंख्याचं एन्क्लोजर घ्या. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ड्राइव्ह ठेवणारे मी पाहिले आहेत. हवा गार असते पण ओलीही असते. पोर्टच्या पिनांना ती चांगली नाही.

हातात पैसे मोजकेच असतील तर १० चं पोर्ट असलेला, चांगल्या प्रोसेसरचा लॅपटॉप आणि टीएलसीची एसएसडी घ्या. एका मॉनिटरवर काम करणाऱ्या लग्नाच्या स्टुडिओचं काहीही अडणार नाही. मॉनिटरसाठी एचडीएमआय वेगळं आहे ना, तेवढं पाहून घ्या. दोन मॉनिटर, सीएफएक्सप्रेस किंवा पाच वर्षं तेच मशीन वापरायचा बेत, यांतलं काहीही असेल तर ४० चं.

बिल करण्याआधी आपली स्वतःची एसएसडी आणि केबल दुकानात घेऊन जा आणि प्रत्येक टाइप-सी पोर्टला लावून बघा, कारण एकाच लॅपटॉपवर एक पोर्ट ४० चं आणि शेजारचं १० चं असू शकतं. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेसखाली यूएसबी उघडलं की यूएसबी ४ असलेल्या नव्या मशीनवर त्याचं वेगळं पान दिसतं. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये थंडरबोल्टखाली आकडा मिळतो. मग शंभरेक जीबीची फाइल सलग कॉपी करा आणि शेवटच्या वीस जीबींना गती किती राहते ते बघा. दुकानदार थांबायला तयार नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.