लेप्टोचं रॅपिड कार्ड, नव्या प्रोटीनवालं: दोन पावसाळे वापरल्यावर

सिंधुदुर्गात छोटी लॅब आहे माझी, जून ते ऑक्टोबर तापाचे पेशंट रांगेने येतात, त्यात लेप्टो (लेप्टोस्पायरा जंतूमुळे होणारा ताप), डेंग्यू, स्क्रब टायफस (माइट किड्याच्या चाव्याने होणारा ताप) सगळंच असतं आणि पहिल्या चार दिवसांत तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून लेप्टो ओळखायचं हे झटपट तपासणीचं कार्ड घेतलं. पाचपैकी चार स्टार देतोय.

आधीच्या कार्डात लेप्टोस्पायरा जंतूचा अख्खा अर्क असायचा, तोही बऱ्याचदा बायफ्लेक्सा म्हणजे माणसाला आजारी न करणाऱ्या जातीचा, त्यामुळे पुसट रेघ आली की खरी की खोटी काही कळायचं नाही. ह्यात लिग नावाचं प्रोटीन वापरलंय, ते जंतूच्या पृष्ठभागावर असतं आणि फक्त रोग करणाऱ्या जातींतच सापडतं, आणि जंतू वाढवायची भानगड नाही, ई. कोलाय नावाच्या दुसऱ्या जिवाणूत तयार करतात. पेशंटच्या रक्तात त्याविरुद्धच्या आयजीएम अँटीबॉडी (संसर्ग झाल्यावर शरीर सुरुवातीला बनवतं ती प्रतिद्रव्यं) असतील तर रेघ उमटते. मला तरी पुसट रेघांचा त्रास खूप कमी झालेला जाणवला. सिरमचा (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा) थेंब, वर बफर द्रावण, १५ मिनिटं, झालं. २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ मात्र धरू नका, आणि पाउच आधीच फोडून ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत स्ट्रिप सर्द होते मग सिरम वर चढतच नाही.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. गेल्या जुलैत एक काका भातलावणीवरून थेट आले, तापाचा दुसरा दिवस, पायाला चिरा पडलेल्या. कार्ड निगेटिव्ह. काका खूश, "म्हणजे माका लेप्टो नाय ना?" मी म्हटलं काका, आज काहीच सांगता येत नाही, अँटीबॉडी तयार व्हायला पाच ते सात दिवस लागतात. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) चालू केली, आणि आठव्या दिवशी परत कार्ड केलं तर ठसठशीत रेघ. पहिल्या आठवड्यात रक्ताचं पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) हाच खरा मार्ग आहे, पक्कं करायचं तर एमएटी (पेशंटचं सिरम जिवंत जंतूंबरोबर मिसळून बघायची तपासणी), पण त्याला जिवंत जंतू सांभाळणारी मोठी लॅब आणि काही दिवसांच्या अंतराने दोन सँपल लागतात, आमच्यासारख्यांना ते कुठून जमणार. उलटही होतं, आयजीएम काही महिने रक्तात राहू शकतं, म्हणून आधी लेप्टो होऊन गेलाय का हे विचाराच.

एक स्टार कापला तो माहितीपत्रकासाठी. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि तापाचा कितवा दिवस हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तिसऱ्या पानावर! मी रिपोर्टवर स्वतःच तो रकाना छापून घेतलाय. शिवाय २५ चाच पॅक मिळतो, पाऊस संपला की उरलेली कार्डं एक्स्पायर होतात, १० चा पॅक काढा ना.