ग्लासगोचा ‘सेल्टिक म्युझिक रेडिओ’, जळगावच्या घड्याळात

दहावी-अकरावीत शॉर्टवेव्ह रेडिओच्या ३१ मीटरवर काटा केसभर सरकवत, खरखरीतून फिडल आणि एकट्या बाईचा आवाज पकडला असेल, तर हे स्टेशन लावून बघाच. ग्लासगोत ते ९५ एफएमवर लागतं, आपल्याकडे इंटरनेटवर, फुकट. चालवतात स्वयंसेवक. नावाप्रमाणे स्कॉटिश-आयरिश गाण्यांचा भरणा जास्त. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन किंवा स्टीलआय स्पॅन हे इंग्लिश फोक-रॉक बँडच हवे असतील तर धीर धरा.

खरी कटकट वेळेची. उन्हाळ्यात ग्लासगो आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे तिथला संध्याकाळी ७ चा कार्यक्रम आपल्याकडे रात्री ११:३० ला, आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की १२:३० ला. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा तासभर अलीकडे. ‘कार्यक्रम बंद पडला वाटतं’ म्हणण्याआधी कॅलेंडर बघा.

डेटाची काळजी नको. १२८ केबीपीएसला तासाला ५८ एमबीच्या आसपास जातात. रोजच्या दीड जीबीत आरामात बसतं. काळजी लाइटची. वायफायवर ऐकत असाल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, पण आधी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. १२ व्होल्टचा राउटर ९ व्होल्टच्या तोंडाला जोडला, तर तो चालू-बंद होत राहतो आणि शिव्या नेटवाल्याला बसतात. पिनही बघा: २.१ मिमीची आणि २.५ मिमीची दिसायला सारखीच, पण ढिली बसली की नुसता हात लागला तरी गाणं तुटतं. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही यूपीएसचीच वायर द्या. नाहीतर वायफाय दिसेल, नेट नसेल.

स्पीकरचा बास बूस्ट बंद करा. या गाण्यांत ढोलाचा दणका फारसा नसतो, सगळी मजा मधल्या सुरांत. नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप्स, म्हणजे उत्तर इंग्लंडची छोटी बॅगपाइप, ऐका: तोंडानं फुंकायचं नाही, काखेतल्या भात्यानं हवा भरायची, आणि खाली सुरपेटीसारखे सूर सतत धरलेले. बास वाढवला की ते सूर नुसते गुरगुरतात.

निवेदकाचं स्कॉटिश इंग्रजी पहिले आठ दिवस कानावरून जातं, त्यात गाण्याचं नावही जातं. तेव्हा एखादी ओळ लिहून घ्या आणि लंडनच्या व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीच्या संकेतस्थळावर राउड सूचीत, म्हणजे इंग्रजी लोकगीतांच्या क्रमांकवार यादीत, शोधा, तीही फुकट. यावलची ओवी शिरपुरात जाऊन बदलते, तशी ही गाणीही गावागणिक नाव आणि ओळी बदलतात, पण राउड क्रमांक एकच राहतो. ‘स्कार्बरो फेअर’चा १२. तो टाकला की त्याच गाण्याची वेगवेगळ्या गावांतून टिपलेली रूपं एकाखाली एक येतात.