जुन्या डंबेलची जड डोकी: पिंच ग्रिपसाठी घेतलेल्या तीन नगांचा रिव्ह्यू

पिंच ग्रिप करणाऱ्यांना ब्लॉब म्हणजे काय ते सांगायला नको, पण नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या बीडाच्या (म्हणजे ओतीव लोखंडाच्या) फिक्स डंबेलची दांडी कापून टाकली की जे एक डोकं उरतं ते एका हाताने वरून चिमटीत धरून उचलायचं, एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा, बस्स. ना दांडी, ना खाच, ना कडा. मूळ ब्लॉब म्हणजे अमेरिकेतल्या यॉर्क बारबेल कंपनीच्या 100 पौंडी डंबेलचं एक डोकं, आणि त्याला हे नाव दिलं रिचर्ड सोरिन यांनी. हे तेच सोरिन ज्यांनी 1991 मध्ये कॅप्टन्स ऑफ क्रश नंबर 3 हा मुठीत दाबायचा कडक स्प्रिंगचा ग्रिपर सगळ्यात आधी अधिकृतपणे बंद करून दाखवला होता. तेव्हापासून जगभरातले ग्रिपवाले जुनी डोकी शोधत फिरतायत, आणि पहिलं उचललं की साहजिकच पुढचा प्रश्न येतो की याच्याहून जड कुठे मिळेल.

मी गेल्या दोन-अडीच वर्षांत तीन डोकी घेतली, तिन्ही सेकंडहँड, तिन्हींवर कुठल्या कंपनीचं नाव शिल्लक नाही, फक्त आकडा उमटलेला आहे. 80, 100 आणि 120, सगळे पौंडात आणि सगळे अख्ख्या डंबेलचे आकडे, म्हणजे डोकं त्याच्या निम्मं. हा रिव्ह्यू मुख्यतः तिसऱ्याचा आहे कारण जड डोकं शोधताना ज्या चुका होतात त्या सगळ्या मी त्याच्यावरच केल्या, पण पहिली दोन सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही.

80 वालं डोकं काट्यावर 17.8 किलो भरलं, 100 वालं 22.1 आणि 120 वालं 25.6. आता हिशोब बघा, 120 पौंडाचे निम्मे 60 पौंड, म्हणजे 27.2 किलो. दांडीचं वजन यात येत नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, 25 मिलिमीटर जाडीची 12 सेंटिमीटर दांडी असेल तर तीच जवळपास अर्धा किलो होते, त्यामुळे प्रत्येक डोक्यामागे पाव किलो कमी धरायलाच हवं. पण माझ्याकडे दीड किलोच्या वर कमी भरलं. विकणाऱ्याने जाहिरातीत सरळ 60 पौंडी डोकं असं लिहिलं होतं आणि मी काट्यावर ठेवलेला फोटो मागितला नाही, फोटोत आकडा स्वच्छ दिसत होता त्यावर विश्वास ठेवला. जुन्या ओतकामात वजन थोडं इकडेतिकडे असतंच, ते मान्य, पण इथे दुसरंही कारण निघालं.

डोकं आलं तेव्हा चकाचक काळ्या रंगात होतं, नव्यासारखं. वायर ब्रश मारायला घेतला तर एका बाजूला रंगाच्या खाली पिवळट काहीतरी दिसायला लागलं. लांबी भरलेली! गाडीच्या पत्र्याला भरतात ती. खरवडत गेलो तर ओतकामातली मोठी पोकळी निघाली, बोटाचं पेर आत जाईल एवढी, आणि बाजूला दोन छोट्या. बीड ओतताना वायू आत अडकला की अशा पोकळ्या राहतात, त्यात लबाडी नाही, पण ती बुजवून वर रंग मारून न सांगता विकणं मला अजिबात पटलेलं नाही. विचारलं तर उत्तर आलं की मलाही असंच मिळालं होतं. असेलही. पण आता मी कुठलंही रंगवलेलं डोकं घेण्याआधी विक्रेत्याला एकच विनंती करतो, एक छोटं लोहचुंबक घेऊन सगळ्या पृष्ठभागावर फिरवा आणि त्याचा व्हिडिओ पाठवा. बीडावर चुंबक घट्ट बसतं, जाड लांबीवर सुटतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखं नाही तो आनंदाने करतो. दुसरं म्हणजे हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐकवायला सांगा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा असायची शक्यता असते. बीड ठिसूळ असतं, आपटलं की वाकत नाही, तडकतं.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. आपण सगळे किलो विचारतो. किती किलोचं आहे, याच्यापेक्षा जड आहे का. मीही तेच विचारत होतो. पण पिंचमध्ये किलो हा तिसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न रुंदी किती आणि दुसरा प्रश्न बाजूंना उतार किती.

उतार का असतो ते समजलं की डोकं बघायची नजर बदलते. वाळूच्या साच्यात ओतकाम करताना आधी लाकडाचा किंवा धातूचा नमुना वाळूत दाबतात आणि मग तो अलगद वर काढतात, नमुन्याच्या बाजू अगदी सरळ असतील तर काढताना वाळू ढासळते, म्हणून बाजूंना थोडा उतार ठेवावाच लागतो. जुन्या डोक्यांना त्यावर आणखी घुमट दिलेला असतो, कडेला पातळ आणि मधे जाड. आता असं डोकं कडेवर उभं करून वरून पकडा, तुमच्या बोटांखाली ते खाली खाली रुंद होत जातं, म्हणजे तुम्ही जितकं जोरात दाबाल तितका दाबाचा थोडा भाग डोक्याला खालीच ढकलतो. ओला साबण चिमटीतून सटकतो ना, तसंच.

आकड्यात सांगतो. समजा कातडी आणि बीड यांच्यातला घर्षणांक 0.5 आहे आणि डोकं 22 किलोचं आहे. बाजू सरळ उभ्या असतील तर प्रत्येक बाजूने साधारण 22 किलोइतका दाब द्यावा लागतो. प्रत्येक बाजूला 5 अंश उतार आला की तोच दाब 27 किलो होतो, आणि 10 अंशाला 34-35. वजन तेच, फक्त उतार बदलला आणि दाब दीडपट! हे गणित मी जेव्हा पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा माझं 100 वालं डोकं सात महिने जागचं का हललं नव्हतं ते एकदम कळलं.

कारण त्याचा उतार भयंकर आहे. व्हर्नियरने मोजलं, वरच्या कडेपासून 2 सेंटिमीटर खाली जी रुंदी आहे त्यापेक्षा 6 सेंटिमीटर खाली 12 मिलिमीटर जास्त, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेआठ अंशाच्या आसपास. 120 वाल्याचा तोच फरक फक्त 5 मिलिमीटर, साडेतीन अंशापेक्षा जरासा जास्त. वरचंच गणित लावलं तर 22.1 किलोच्या डोक्याला 32 किलो दाब लागतो आणि 25.6 किलोच्या डोक्याला 29! जड डोकं म्हणून घेतलं आणि दाबाच्या हिशोबाने ते हलकं निघालं.

पण म्हणून ते सोपं आहे असं नाही, कारण रुंदी. 100 वालं बोटं टेकतात तिथे 91 मिलिमीटर आहे, 120 वालं 101. फक्त दहा मिलिमीटर, वाचायला काहीच वाटत नाही. हात लावून बघा. 91 ला माझा अंगठा थोडा वाकलेला राहतो, पेराची जागा नीट टेकते, तळहाताच्या गादीतून जोर येतो. 101 ला अंगठा पूर्ण ताणला जातो, बेचकं फाकतं, करंगळी तर नुसती सोबतीला असते. अंगठा आत खेचणारा स्नायू बेचक्यात असतो आणि तो ताणलेल्या अवस्थेत तेवढा जोर देऊच शकत नाही. माझ्या हाताची लांबी मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 19 सेंटिमीटर आहे, 21 वाल्या माणसाला 101 म्हणजे मला 91 असेल तसं वाटेल बहुतेक. म्हणून दुसऱ्याने चांगलं म्हटलेलं डोकं तुम्हाला चांगलंच असेल असं धरून चालू नका.

आणि एक गोष्ट, आकार तोच ठेवून वजन 20 टक्के वाढवलं तर रुंदी साधारण 6 टक्केच वाढते, म्हणजे 91 चे 97 व्हायला हवे होते. माझं 101 निघालं कारण ओतणाऱ्याने व्यास फारसा न वाढवता जाडी वाढवली. प्रत्येक कारखान्याचा नमुना वेगळा, त्यामुळे फक्त आकड्यावरून अंदाज बांधताच येत नाही, मापं मागवावीच लागतात.

पृष्ठभागाबद्दल. 120 वाल्यावरचा चकचकीत रंग म्हणजे नुसती घसरण, पहिल्या दिवशी एक इंचही उचललं गेलं नाही. रंग काढला, खालचं खरबरीत बीड उघडं झालं आणि त्याच संध्याकाळी जमिनीवरून सुटलं. तरी सगळ्यांनी रंग काढावा असं मी म्हणणार नाही, मूळ रंग आणि अक्षरं शाबूत असतील तर ते डोकं तसंच ठेवा, त्याचा तोच स्वभाव आहे आणि बाकीचे लोक ज्या डोक्याबद्दल बोलतात ते तेच आहे. माझ्या 120 वाल्यावरचा रंग नंतर मारलेला होता म्हणून मी हात घातला. घासताना मास्क लावा, कोरडं घासू नका, पाणी मारून घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली तीच 1978 मध्ये, आणि ही डोकी बऱ्याचदा त्याच्या आधीची असतात. घासून झाल्यावर अगदी पातळ तेलाचा हात फिरवला नाही तर दोन दिवसात गंज धरतो, पण उचलायच्या आधी ते तेल स्पिरिटने पुसून काढा, मग मॅग्नेशियम कार्बोनेटचा चॉक. डोकं थंडगार असेल आणि हात कोरडा पडला असेल तर चॉकनेही नीट धरत नाही, मी आधी हात कोमट पाण्याने धुऊन पुसतो.

अख्खं डंबेल कापण्याबद्दल माझं मत ठाम आहे. जुन्या डंबेलची जोडी पूर्ण असेल, दोन्ही सरळ असतील, तर कापू नका. अशा जोड्या परत ओतल्या जाणार नाहीत. जोडीतलं एकच उरलंय, दांडी वाकलीय किंवा डोकं हलतंय, असं बघा, ते स्वस्तातही मिळतं आणि मनाला लागत नाही. कापताना दांडीचा छोटा खुंट ठेवा आणि कडा गोल घासा, अंगठा त्याच बाजूला येतो, कापलेल्या धारेने सोललं तर आठवडा जातो.

ट्रेनिंग मी असं केलं की 80 वाल्यावर आठवड्यातून दोनदा, प्रत्येक हाताने आठ-दहा सिंगल (म्हणजे एका वेळी एकदाच उचलणं), मधे दोन मिनिटं आराम. तिथून थेट 100 वर उडी मारली ही चूक होती, मधे 4.3 किलो आहेत आणि उतारही वेगळा. मार्ग निघाला चुंबकाचाच, बीड असल्यामुळे खालच्या बाजूला मोठी चपटी चुंबकं चिकटवता येतात, 200 ग्रॅम, 300 ग्रॅम, असं वाढवत नेता येतं. चुंबक बोटांना लागणार नाही अशा जागी लावा आणि खाली जाड रबरी मॅट ठेवा, पाय लांब. स्नायूपेक्षा स्नायुबंध हळू भरून येतात कारण तिथे रक्तपुरवठा कमी असतो, मी चौथ्या महिन्यात आठवड्यातून चार दिवस केलं तर अंगठ्याच्या बुडाला असं दुखणं लागलं की तीन आठवडे कप धरतानाही जाणवत होतं. आता दोनच दिवस, आणि प्रत्येक वेळी शेवटी बोटांवर रबर बँड चढवून पंजा उघडायचा व्यायाम.

तर 120 वालं घ्यावं का? मला विचाराल तर डोकं म्हणून 4 स्टार, कमी उतारामुळे रुंद पकडीची ताकद वाढवायला याच्यासारखं दुसरं माझ्याकडे काही नाही, गेल्या पाच महिन्यात त्याच्यामुळे 100 वालं उजव्या हाताने तीन सेकंदांवरून नऊ सेकंद धरता यायला लागलंय. विक्रेत्याला 2, तेही पार्सल तुटलं नाही म्हणून, कारण 25 किलोचं लोखंड एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबून पाठवलं होतं, खोक्याचा तळ फाटून डोकं बाहेर डोकावत होतं, ते कोणाच्या पायावर पडलं असतं म्हणजे?

सध्या 120 उजव्या हाताने गुडघ्यापर्यंत येतं, डाव्याने मॅटवरून फक्त सुटतं. चौथ्याचा शोध चालू आहे, आकडा 110 आहे. विक्रेत्याला चार गोष्टी पाठवायला सांगितल्यात: काट्यावरचा फोटो, 2 सेंटिमीटरवरची रुंदी, 6 सेंटिमीटरवरची रुंदी, आणि चुंबकाचा व्हिडिओ. पहिल्या तीन आल्या, 24.4 किलो, 86 आणि 94. व्हिडिओची वाट बघतोय.